हात आडवा करायचा नाही, हात दाखवायचा: चर्चच्या पार्किंग टीममधलं माझं सव्वा वर्ष

पार्किंगच्या टीमला माणसं कमी पडतायत अशी सूचना आमच्या चर्चमध्ये सलग तीन रविवार झाली आणि तिसऱ्या रविवारी मी नाव दिलं. मनात होतं की काय एवढं त्यात, गाड्या आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या आणि दारात उभं राहून या या म्हणायचं. आता सव्वा वर्ष झालं. एवढ्यात जे शिकले ते लिहून ठेवावंसं वाटतंय कारण नवीन येणाऱ्यांना आम्ही सगळं तोंडी सांगतो आणि त्यातलं निम्मं सांगायचं राहूनच जातं, आणि दुसरं म्हणजे एका रविवारी माझ्या हातून एक चूक झाली ती अजून डोक्यातून जात नाही, तीही सांगायचीय.

पहिल्या दिवशी मला पावणेसातला बोलावलं होतं, उपासना आठची. मी वेळेवर पोचले तर टीम बघणारे काका आधीच गाड्यांची वाट आखायचे शंकूसारखे कोन मांडत होते. काकांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेलीय त्यामुळे आरशात काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्यांच्याइतकं आमच्यात कोणालाच कळत नाही. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोरी, तुझी गाडी कुठं लावलीस?" मी दाराजवळच लावली होती, सगळं रिकामं होतं म्हणून. म्हणाले, "ती आधी काढ आणि पार मागच्या भिंतीला नेऊन लाव." हा माझा पहिला धडा. सेवेला येणाऱ्याची गाडी सगळ्यात लांब. दाराजवळची जागा कोणासाठी, तर ज्याला चालवत नाही, जिचे दिवस भरत आलेत, जिच्या कडेवर तान्हं आहे आणि जो पहिल्यांदाच येतोय आणि कुठून आत शिरायचं तेच ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. आपली गाडी पुढे लावून मग दुसऱ्याला मागे जा म्हणणं चालतच नाही.

मग जॅकेट मिळालं, चमकत्या पट्ट्यांचं. मला वाटलेलं उन्हात त्याचा काय उपयोग, पण उपयोग असतोच, सकाळचं तिरपं ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यावर आलं की साध्या कपड्यातला माणूस त्याला दिसतच नाही. वॉकीटॉकी मिळाला. बटण दाबून एक क्षण थांबायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि 'जागा नाही' मधला 'जागा' गेला काय किंवा 'नाही' गेला काय, दोन्हीकडून घोळच. आधी सगळ्यांनी गोल करून छोटी प्रार्थना केली आणि जो तो आपापल्या जागेवर गेला. जागा अशा असतात: एक जण गेटवर, एक आतल्या वळणावर, दोघं रांगांमध्ये, एक जण फक्त दुचाक्यांकडे, एक जण लोक पायी ओलांडतात तिथे, आणि दोघं पायऱ्यांजवळ दारात. नवीन माणसाला गेटवर उभं करत नाहीत. मला तेव्हा जरा वाईट वाटलं, आता कळतं की बरोबर होतं, गेटवरचा माणूस पहिला दिसतो आणि त्याचं एक चुकलं की मागचे सातही जण निस्तरत बसतात.

गाड्या भरायच्या त्या लांबून जवळ. गेटपासून सगळ्यात आतली रांग पहिली भरायची म्हणजे नंतर येणाऱ्याला कोणाच्या मागून-पुढून जावं लागत नाही. दिसायला साधी गोष्ट आहे पण लोकांना ती पटवायला वेळ लागतो, कारण पहिला येणारा म्हणतो मी लवकर आलोय तर मी का लांब लावू. काका अशा वेळी वाद घालत नाहीत, फक्त म्हणतात, "तुम्ही वेळेवर येता म्हणून तुम्हालाच सांगतो, उशिरा येणाऱ्याला लांबून पळत यायला लागू नये." बहुतेक जण हसून पुढे जातात. आणि जे जात नाहीत त्यांना त्यांच्या जागेवर लावू द्यायचं, देवाच्या दारात सकाळी सकाळी भांडण नको. ह्या बाबतीत आमच्या टीममध्ये दोन मतं आहेत, काही जण म्हणतात नियम म्हणजे नियम. मी काकांच्या बाजूची आहे.

हाताच्या खुणा शिकायलाच मला चार रविवार लागले. बोटानं दाखवायचं नाही, अख्खा हात खांद्यापासून हलवायचा. थांब म्हणायचं तर पंजा उघडा, ड्रायव्हरच्या समोर, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत तो खाली घ्यायचा नाही. आधी ड्रायव्हरच्या डोळ्यात बघायचं, त्यानं आपल्याकडे बघितलं हे कळल्यावर मगच हात हलवायचा. एका वेळी एकालाच खूण. पहिल्या महिन्यात मी एका हातानं एकाला ये म्हणाले आणि दुसऱ्या हातानं दुसऱ्याला थांब म्हणाले, दोघांनाही वाटलं ये आपल्यालाच म्हणतेय आणि वळणावर दोन गाड्या तोंडासमोर तोंड येऊन उभ्या राहिल्या, मागे सात-आठ गाड्यांची रांग. काका शांतपणे आले, एकाला मागे घेतलं, दुसऱ्याला पुढे काढलं आणि मला फक्त म्हणाले, "दुसरा हात पाठीमागे ठेवत जा." तेव्हापासून मी खरंच दुसरा हात पाठीमागे ठेवते.

रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या मागे उभं राहायचं नाही, कधीच नाही, गाडी आणि भिंत ह्यांच्यामध्ये तर अजिबातच नाही. कडेला उभं राहायचं, जिथून आपल्याला ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसतो तिथे. आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, एवढा एक हिशोब लक्षात ठेवला तरी पुरे. आम्ही शक्यतो गाड्या उलट्या लावून घेतो, म्हणजे तोंड बाहेरच्या बाजूला. येताना एक मिनिट जास्त जातं पण येताना लोक थोडे थोडे येतात, जाताना सगळे एकदम निघतात, आणि त्या गर्दीत प्रत्येक गाडी मागे बघत बघत बाहेर काढण्यापेक्षा समोर बघत निघालेली केव्हाही चांगली. कारण उपासना सुटल्यावर पोरं पळत सुटतात.

पोरांचं मला सगळ्यात जास्त टेन्शन असतं. काकांनी एकदा मला त्यांच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि गाडीच्या मागे कोन ठेवून आरशात बघ म्हणाले, कोन दिसेना. अजून थोडा मागे नेला, तरी दिसेना. ते म्हणाले की एवढ्या उंचीचं पोर बूट बांधायला खाली बसलं तर ते असंच दिसणार नाही. कॅमेरा असतो हल्ली बऱ्याच गाड्यांना, पण धूळ किंवा पावसाचं पाणी बसलं की तोही भरवशाचा नाही. आणि काही इलेक्ट्रिक गाड्या तर हळू चालल्या की आवाजच जवळजवळ नसतो, म्हाताऱ्या माणसांना मागून गाडी आलेली कळतच नाही. म्हणून ओलांडायच्या जागेवरचा माणूस गाड्या बघत नाही, तो पाय बघतो. खाली वाकून गाड्यांच्या मधून कोणाचे पाय येतायत का ते. ताशी २० किलोमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, एका अख्ख्या गाडीपेक्षा जास्त अंतर, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. आम्ही आत चालायच्या वेगानंच गाड्या येऊ देतो. एखादा जोरात आला तर मी रस्त्यात उडी मारत नाही, कडेवरून दोन्ही तळवे खाली करून हळू हळू अशी खूण करते, आणि गाडी लावून झाली की जवळ जाऊन नमस्कार करते. ओरडलं की माणूस तेवढंच लक्षात ठेवून आत जातो.

सगळ्यात अवघड म्हणजे दोन उपासनांच्या मधला वेळ. आठची सुटते, साडेदहाची भरते, पहिलेवाले बाहेर पडतायत, गप्पा मारत उभे आहेत, दुसरेवाले आत येतायत आणि जागा म्हणाल तर एकही रिकामी नाही कारण गाड्या अजून निघालेल्याच नाहीत. तिथे येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी ठेवली नाही तर संपलंच. आम्ही कोन लावून एकाच दिशेनं फिरवतो, आत एका बाजूनं, बाहेर दुसऱ्या बाजूनं. आणि इमारतीला लागून एक पट्टा पिवळ्या रेघेनं आखलेला आहे, तिथे कोणालाही, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा, गाडी लावू देत नाही. मला आधी तो पट्टा वाया गेल्यासारखा वाटायचा. मग एका रविवारी प्रवचन चालू असताना आत एक आजोबा चक्कर येऊन पडले, ॲम्ब्युलन्स आली आणि थेट दारापर्यंत गेली. त्या दिवशी सकाळीच एका बाईंना मी तिथून गाडी काढायला लावली होती आणि त्या माझ्यावर चिडल्या होत्या. नंतर त्या आपणहून आल्या आणि काही न बोलता माझा हात धरून उभ्या राहिल्या. आजोबा बरे झाले, आता त्यांची सून त्यांना पायऱ्यांजवळ उतरवते आणि मग गाडी लावते.

ह्या कामात उपासना चुकते का, असं बरेच जण विचारतात. चुकत नाही. आम्ही एका उपासनेला बाहेर उभं राहतो आणि दुसरीला आत बसतो, असाच नियम आहे, आणि तो पाळायलाच हवा. मध्यंतरी माणसं कमी होती तेव्हा मी सलग दोन महिने दोन्ही वेळा बाहेरच होते आणि मला जाणवलं की माझ्या 'या या'मध्ये काही उरलं नाही, तोंडानं म्हणत होते नुसतं. काकांच्या ते माझ्याही आधी लक्षात आलं. त्यांनी माझा वॉकीटॉकी काढून घेतला आणि म्हणाले आत जाऊन बस.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आमच्या ह्या कामाबद्दल किती आहे ते मला आधी माहीतच नव्हतं. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा नववा अध्याय म्हणजे नुसती नावांची यादी आहे असं समजून मी तो कायम ओलांडून पुढे जायचे. त्यात देवाच्या घराच्या द्वारपाळांचा सगळा हिशोब आहे, निवडलेले २१२, पूर्व पश्चिम उत्तर दक्षिण चारही बाजूंना उभे, गावाकडचे भाऊबंद सात सात दिवसांच्या पाळीनं त्यांच्या मदतीला येत आणि रोज सकाळी दार उघडायचं काम त्यांचं. आमच्या ड्युटीच्या तक्त्यासारखंच वाटलं मला ते वाचताना. त्यातले काही कोरहाच्या घराण्यातले, आणि ८४वं स्तोत्र, ज्यात देवाच्या घराच्या उंबरठ्याशी उभं राहणं बरं असं म्हटलंय, तेही कोरहाच्या वंशजांचंच. म्हणजे ज्यांचं घराणंच दारात उभं राहत होतं त्यांनीच ते म्हटलंय, हे कळल्यावर ते स्तोत्र मला वेगळंच ऐकू यायला लागलं. रोमन कॅथलिक चर्चमध्ये तर द्वारपाळ ही धर्मसेवेतली एक रीतसर पायरीच होती, तो विधी करताना त्या माणसाच्या हाती किल्ल्या देत आणि त्याच्याकडून घंटा वाजवून घेत. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये ते पद बंद केलं. किल्ल्या आमच्याकडेही काकांच्याच कमरेला असतात.

आणि याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या कपड्यातला गरीब माणूस सभेत येतात आणि एकाला चांगली जागा देऊन दुसऱ्याला तू तिथे उभा राहा म्हटलं जातं, तो भाग. मी तो कितीतरी वेळा ऐकलेला. पार्किंगमध्ये तो रोज समोर येतो. मोठी चकचकीत गाडी आली की आपला हात आपोआप मोठा होतो, आपण दोन पावलं पुढे जातो, आणि जुनी दुचाकी आली की नुसती मान हलवून मागे पाठवतो. मी हे करत होते आणि मला कळतही नव्हतं. दुचाक्यांकडे ड्युटी लागली तेव्हा कळलं कारण तिथून गेटवरचा माणूस कसा वागतो ते सगळं दिसतं. आता मी ठरवून दुचाकीवाल्याच्या डोळ्यात बघून नमस्कार करते, आधी माणूस मग गाडी. पायी येणाऱ्यांचं तर अजून वाईट, पार्किंगच्या टीमच्या डोक्यात पायी येणारा माणूस नसतोच. त्यांची वाट कोन लावून वेगळी करायला हवी हे आमच्या ध्यानात यायला बरेच महिने गेले.

आता ती चूक.

ईस्टरचा रविवार होता. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यात कधीही येतो, पण गर्दी मात्र ठरलेली, वर्षभर न येणारी माणसंही त्या दिवशी येतात. तीन उपासना ठेवल्या होत्या आणि शेजारचं मोकळं मैदान जास्तीच्या गाड्यांसाठी मागून घेतलं होतं. सकाळच्या प्रार्थनेनंतर काकांनी सगळ्यांना दोनदा सांगितलं की आत भरलं की गाड्या मैदानाकडे. मी गेटवर होते, पहिल्यांदाच इतक्या मोठ्या दिवशी गेटवर. दुसऱ्या उपासनेच्या आधी वॉकीटॉकीवर आवाज आला, आत फुल, आत फुल. समोरून एक निळी गाडी वळत होती. मी दोन्ही हात छातीसमोर फुली करून धरले आणि मान हलवली. नाही म्हणून.

गाडी चालवणाऱ्यानं काच खाली केली नाही. माझ्याकडे बघितलं, स्टीअरिंगवरून एक हात थोडा उचलला, ठीक आहे अशा अर्थानं, आणि गाडी वळवली. शेजारी एक बाई होत्या. मागच्या खिडकीत पाच-सहा वर्षांची मुलगी, पांढऱ्या फ्रॉकमधली, काचेला हात लावून माझ्याकडेच बघत होती, माझ्या जॅकेटच्या पट्ट्या चमकत होत्या म्हणून असेल. गाडी वळून समोरून गेली तोपर्यंत ती बघत होती. आणि गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मला मैदान आठवलं. मी रस्त्यावर पळत गेले, कोपऱ्यापर्यंत गेले. नव्हती.

मागे गेटवर कोणीच नव्हतं म्हणून काकांना धावत यावं लागलं. मी त्यांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तू त्याला सांगितलंस गाडीला जागा नाही. त्याला काय ऐकू आलं असेल, की आपल्याला जागा नाही." एवढंच बोलले आणि पुढच्या गाडीला त्यांनी पंजा दाखवून थांबवलं, मग तोच हात फिरवून लांब मैदानाच्या दिशेला नेला, ती गाडी गेली तिकडे. एकच हात, थांब आणि तिकडे. मैदानात तेव्हा निम्मी जागा रिकामी होती.

ते कोण होते, पहिल्यांदा येत होते का, दुसऱ्या कुठल्या चर्चला गेले का घरी गेले, मला काहीच माहीत नाही. नंतर कधी आले असतील तर गाडी दुसरी असेल आणि मी ओळखलं नसेल असंही होऊ शकतं. निळी गाडी वळताना दिसली की मी आत कोण आहे बघते, अजूनही.

त्या नंतरच्या आठवड्यात आम्ही 'पार्किंग फुल' लिहिलेली पाटी काढून टाकली. त्या जागी बाण काढलेली पाटी केली, 'जागा आहे, इकडे' अशी. पावसात मैदान वापरता येत नाही म्हणून पुढच्या रस्त्यावरची एक जागा परवानगी घेऊन ठेवली, म्हणजे दाखवायला काहीतरी राहील. आणि टीममधल्या प्रत्येकाकडून काकांनी सराव करून घेतला: फुलीची खूण आमच्याकडे आता बंद आहे. हात आडवा करायचा नाही, हात दाखवायचा. खरंच कुठेच जागा नसेल तर जवळ जायचं, काच खाली करायला सांगायचं आणि तोंडानं सांगायचं की पुढची उपासना किती वाजता आहे आणि तेव्हा तुमच्यासाठी जागा धरून ठेवते. हे सांगायला वीस सेकंद लागतात आणि मागे हॉर्न वाजतात. वाजू द्यावेत.

दारातल्या स्वागताचंही थोडं सांगते. आधी मी प्रत्येक अनोळखी माणसाला विचारायचे, पहिल्यांदा आलात का? एका मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं मी अकरा वर्षं येतेय." त्यांना लागलं ते मनाला, दिसलं मला. आणि जो खरंच पहिल्यांदा आलाय त्याला हा प्रश्न आवडतोच असं नाही, सगळ्यांसमोर वेगळा काढल्यासारखं होतं. आता मी फक्त माझं नाव सांगते आणि म्हणते, बरं वाटलं तुम्ही आलात. नवीन असेल तर तो आपणहून सांगतो. मग त्याला जे विचारायचं असतं पण विचारता येत नाही ते आपणच सांगून टाकायचं: टॉयलेट कुठे आहे, लहान मुलांचा वर्ग कुठे भरतो आणि तो सुटल्यावर मूल कोणाकडून घ्यायचं, साधारण किती वेळ चालतं, मागे बसलं तरी चालतं. मुलाचं नाव विचारायचं तर खाली वाकून मुलालाच विचारायचं. आणि एवढं झालं की बाजूला व्हायचं, मागे लागायचं नाही. काही माणसांना कोणी बोललेलं नको असतं त्या दिवशी, त्यांना नुसतं दार उघडं हवं असतं.

व्हीलचेअर घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत मी सुरुवातीला उत्साहानं जाऊन मागून खुर्ची धरायचे. ते चुकीचं आहे. आधी समोर जाऊन विचारायचं, मदत करू का आणि कशी करू, आणि नको म्हणाले तर नको. उताराच्या रॅम्पवरून खाली नेताना खुर्ची उलटी न्यायची, म्हणजे बसलेल्याची पाठ उताराकडे, नाहीतर माणूस पुढे घसरतो. त्यांच्या गाडीच्या शेजारी जो आखलेला पट्टा असतो तो मोकळा ठेवायचा कारण दार पूर्ण उघडून खुर्ची बाजूला लावायला तेवढी जागा लागतेच, तिथे कोणाची दुचाकी सुद्धा नको. एक ताई येतात, त्यांना दिसत नाही, त्यांनीच मला शिकवलं की माझा हात ओढू नकोस, तुझं कोपर दे, मी धरते. आता त्या गाडीतून उतरल्या की हात पुढे करतात आणि विचारतात, कोण आहे आज? नाव सांगितलं की म्हणतात चल.

शेवटच्या रांगेत भिंतीच्या कडेला एक गृहस्थ गाडी लावतात, पन्नाशीचे असतील. गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा आले. गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिले, काच थोडी खाली. बाजूच्या दारातून गाण्यांचा आवाज तिथवर येतो. उपासना संपायच्या पाच मिनिटं आधी निघून गेले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी पण. मला जाऊन काच वाजवावीशी वाटत होती, काका नको म्हणाले, लांबून हात कर फक्त. मी हात करायचे, ते मान हलवायचे. पाऊस लागला की मी छत्री घेऊन त्या बाजूला जरा जास्तच फिरायचे, गाडीजवळ न जाता. पाचव्या की सहाव्या रविवारी त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि विचारलं, "किती वेळ चालतं हो आत?" मी म्हणाले, "दीड तास. पण मधेच उठून गेलात तरी कोणी काही म्हणत नाही, बाजूचं दार उघडंच असतं." त्यांनी बरं म्हटलं आणि काच परत वर केली. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं.

त्यानंतर एका रविवारी ते गाडीतून उतरून बाजूच्या दाराच्या बाहेर, भिंतीला टेकून उभे होते. आत गेले नाहीत. पुढच्या वेळी काकांनी तिथे एक खुर्ची ठेवली, दाराच्या बाहेर, जिथून आतलं दिसतं पण आतल्यांना बाहेरचं फारसं दिसत नाही. कधी ते बसतात, कधी उभेच राहतात, कधी गाडीतच असतात. सकाळी कोन मांडायची जी यादी आम्ही वहीत लिहून ठेवलीय त्यात सगळ्यात खाली आता तेही लिहिलंय: बाजूच्या दाराजवळ एक खुर्ची.